बिअरची भांडी: आधी घासा, मगच सॅनिटायझर

घरी बिअर करताय तर एवढं डोक्यात फिट करा, धुणं वेगळं आणि सॅनिटाइझ करणं वेगळं, मळ तसाच राहिला तर वरून कितीही सॅनिटायझर ओता, खाली जंतू मजेत बसतात.

फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, रिकामा झाला की लगेच धुवायला घ्या, वरच्या बाजूला फेसाची तपकिरी कड चिकटते ना, ती मुंबईच्या पावसाळ्यात बघता बघता बुरशी धरते. कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट (मळ सोडवणारी पावडर) टाकून अर्धा तास भिजू द्या, बरीचशी आपोआप सुटते. प्लास्टिकच्या बादलीला तारेची घासणी लावायचीच नाही, ओरखड्यात बॅक्टेरिया घर करतात, मऊ स्पंज बास. तोटी मात्र खोलाच! वॉशरखाली बोटाला बुळबुळीत थर लागतो, बॅच आंबट होत असेल तर पहिला संशय तिथेच घ्या.

मग स्टार सॅन हे सॅनिटायझर, लिटरभर पाण्याला साधारण दीड मिली, दोन मिनिटं सगळं ओलं राहिलं पाहिजे. फेस राहिला तर राहू दे, परत नळाखाली धरलंत तर मुसळ केरात. ब्लीच स्टीलला नकोच, आणि व्हिनेगर किंवा कुठल्याही ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, क्लोरीन गॅस निघतो. पाइप धुऊन दोरीवर टांगा, आत थेंब राहता कामा नये.