घर ठरवण्याआधी रात्री १० नंतर गाडी घेऊन जा

मुंबईत गाडी असताना भाड्याने घर शोधायचं म्हणजे एजंट दुपारी नेतो, निम्म्या गाड्या ऑफिसला गेलेल्या असतात आणि ‘पार्किंग भरपूर आहे’ हे खरंच वाटतं.

टोकन देण्याआधी एवढं कराच:

१. कामाच्या दिवशी रात्री १० नंतर स्वतःची गाडी घेऊन सोसायटीत जा. मालकाशी आधी बोलून, मिळणार आहे त्याच जागेत लावून बघा. दार पूर्ण उघडतं का, खांब आडवा येतो का, हे तिथेच कळतं. दोन गाड्या एकामागे एक लावायची जागा असेल तर पहाटे साडेपाचला ‘गाडी काढा’ म्हणून बेल वाजणार, हे धरून चाला. स्टॅक पार्किंग (यंत्राने एकावर एक गाड्या) असेल तर उंची टेपने मोजा. उंच एसयूव्ही पुष्कळदा बसत नाही.

२. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांच्या आसपास घर असेल तर वॉचमनला विचारा, पावसात पाणी कुठवर चढतं. तळघरातली जागा तिथे मी तरी घेणार नाही.

३. स्टेशन चालत १०-१५ मिनिटांवर हवं. रोज लोकल, गाडी शनिवार-रविवारला.

एक काळजी घ्या: जागा कमी असल्या की पुष्कळ सोसायट्या सोडत काढून वर्षापुरत्या देतात. मालकाकडचं, जागा दिल्याचं सोसायटीचं पत्र बघा, पुढची सोडत कधी ते विचारा आणि जागेचा क्रमांक लिव्ह अँड लायसन्स करारात लिहून घ्या.