पांडुरंग म्हणजे मराठी होल्डन नव्हे : कादंबऱ्यांची तुलना करताना या चुका टाळा

एम. ए.च्या मुलांच्या तौलनिक निबंधांत एक वाक्य हमखास भेटतं : ‘दोन्ही नायक समाजापासून तुटलेले आहेत.’ वाक्य चूक नाही. पण ते कुठल्याही दोन कादंबऱ्यांना चिकटवता येतं, आणि तिथेच गोची आहे.

साम्य सापडलं की पेन खाली ठेवणं

नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आणि अमेरिकन लेखक सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) ही मराठीतली जुनी, आवडती जोडी. पांडुरंग सांगवीकर आणि होल्डन कॉलफील्ड दोघेही स्वतःच स्वतःची गोष्ट सांगतात, शिक्षणात गटांगळ्या खातात, दोघांनाही ढोंगाचा तिटकारा, आणि दोघांचंही धाकटं भावंड गेलेलं. एवढी यादी झाली की निबंध संपतो. वास्तविक तो इथून सुरू व्हायला हवा.

भावंडाचा मृत्यूच घ्या. होल्डनचा भाऊ ॲली १९४६ मध्ये ल्युकेमियाने जातो. त्या रात्री होल्डन गॅरेजच्या काचा मुठीने फोडतो. तेव्हा त्या आजारावर इलाज नव्हता. राग काढायला समोर माणूस नाही, म्हणून काचा. पांडुरंगची धाकटी बहीण मनी मात्र देवीने जाते. देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती १८०२ मध्ये, आणि तीही मुंबईतच. म्हणजे मनीचं मरण अटळ नव्हतं. मग त्या मरणात घर येतं, गाव येतं, बाप येतो. दुःखाला तराजू लावू नये, पण या दोन दुःखांचा रोख वेगळा आहे, आणि लिहिण्यासारखं काही असेल तर ते तिथे आहे.

नायकाला घरातून उचलून बाहेर काढणं

‘बंडखोर तरुण’ म्हटलं की घर, पैसा, बाप सगळं गळून पडतं. होल्डनचे वडील मोठे वकील, पण कादंबरीत जवळजवळ पडद्याआड. आजीने पाठवलेल्या पैशांच्या जिवावर तो न्यूयॉर्कच्या हॉटेलात उतरतो. पांडुरंग पुण्यात शिकतो तो बापाच्या पैशावर, आणि शेवटी सांगवीला परततो तोही त्याच बापाच्या घरी. निबंध अडला असेल तर एक साधं काम करा : दोन्ही नायकांचा खर्च कोण भागवतं, ते कागदावर मांडा. ‘परात्मता’ (माणसाचं समाजापासून, स्वतःपासून तुटणं) हा शब्द वापरायची गरज बरीच कमी होते.

लकबीला लकब जोडणं

होल्डनचं ‘अँड ऑल’ म्हणजेच पांडुरंगचं ‘वगैरे’, असं लिहायचा मोह मलाही झाला होता. पण ‘उदाहरणार्थ’चं काय करणार? पांडुरंग पहिल्याच ओळींत आपण ‘आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा’ असल्याचं सांगतो. हा शब्द वर्गातला, मास्तरांचा, निबंधाच्या वहीतला. होल्डन पोरांची बोली बोलतो, तर पांडुरंग शिकवलेल्या मराठीची थट्टा तिच्याच शब्दांनी करतो. एक कादंबरी भाषांतरातून वाचली असेल तर शैलीवर बोलताना हात आखडता घ्या.

परक्या तराजूत तोलणं

चिनुआ ॲचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मधला (१९५८) ओकोंक्वो म्हणजे ‘गर्वाने घात झालेला शोकांत नायक’, हे गाईडातलं वाक्य. ग्रीक नाटकाचं माप इग्बो (नायजेरियातला एक समाज) माणसाला लावलं की त्याची खरी भीती मापाबाहेर राहते. ओकोंक्वोला धास्ती आहे ती कर्जबाजारी, बासरीत रमणाऱ्या बापासारखं होण्याची. ‘अग्बाला’ म्हणजे बाई, आणि कुठलाही मानाचा किताब न मिळवलेला पुरुषही. हा एक शब्द समजला तर ‘गर्व’ फार ढोबळ वाटू लागतो.

त्यापेक्षा ही कादंबरी अनंतमूर्तींच्या कन्नड ‘संस्कार’शेजारी (१९६५) ठेवून पाहा. दोन्हीकडे एक प्रेत आहे आणि आपली माणसं त्याला हात लावत नाहीत. ओकोंक्वोने गळफास घेतला, आत्महत्या हा भूमीचा अपराध, म्हणून त्याला परक्यांनीच खाली उतरवायला हवं. ‘संस्कार’मधल्या नारणप्पाने धर्माचे सगळे नियम मोडले, पण त्याला बहिष्कृत केलेलं नव्हतं. म्हणजे तो ब्राह्मण म्हणूनच मेला आणि त्याला अग्नी ब्राह्मणानेच द्यायला हवा. पण तो द्यायचा कुणी? एका गावात प्रेत परक्याकडे सोपवावं लागतं, दुसऱ्यात ते परक्याकडे सोपवता येत नाही. साम्यातून फरक निघतो तो असा. (शेवटी अग्नी मिळतो तो नारणप्पाबरोबर राहणाऱ्या चंद्रीने आणलेल्या एका मुसलमान माणसाच्या मदतीने, रात्री, गुपचूप. अग्रहाराला, म्हणजे ब्राह्मणांच्या त्या वस्तीला, पत्ताच नसतो.)

एका पात्राला अख्खा समाज समजणं

ओकोंक्वो म्हणजे इग्बो समाज नव्हे. त्याचा मित्र ओबिएरिका त्याच गावातला, तरी सतत शंका काढणारा. ही चूक करणारा एक माणूस ॲचेबेंनी कादंबरीतच बसवलाय : इंग्रज डिस्ट्रिक्ट कमिशनर. त्याला पुस्तक लिहायचंय, आणि ओकोंक्वोसाठी त्यात एखादा परिच्छेद पुरेल असा त्याचा हिशेब आहे. तोवर वाचकाची पंचवीस प्रकरणं होत आलेली असतात. तुमच्या कच्च्या मसुद्यात ‘इग्बो संस्कृतीत’ किंवा ‘भारतीय समाजात’ अशी वाक्यं शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी पात्राचं नाव घालून पाहा. निम्मी वाक्यं उभीच राहणार नाहीत, ती खोडा.