‘औषधाने धोका निम्म्यावर’ : अशा बातमीचा हिशेब कसा तपासावा

खानापूर-निपाणीकडे घरोघरी येणाऱ्या मराठी दैनिकात ‘नव्या औषधाने धोका निम्म्यावर’ असा मथळा दिसला, की आधी एवढेच शोधावे : मुळात धोका होता किती? बातमीत तो आकडा नसेल, तर शोधनिबंधाचा सारांश उघडावा. तो बहुधा विनामूल्य वाचता येतो.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेऊ. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तुलनेसाठी निष्क्रिय (औषध नसलेल्या) गोळ्या घेतलेल्यांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ होते, औषध घेतलेल्यांत ६.४. वजाबाकी करावी : ५.६. मग १०० ला ५.६ ने भागावे. उत्तर सुमारे १८ येते. म्हणजे अठरा बाळंतिणींना औषध दिले, की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. तीव्र रक्तस्राव मात्र शेकडा १.२ वरून ०.२ वर आला. मथळा ‘सहाव्या हिश्श्यावर’ असा गाजेल, पण हिशेबाने शंभरांत एकीचाच तीव्र रक्तस्राव टळतो. दवाखाना लांब असलेल्या गावात, स्वस्त गोळीच्या मोबदल्यात, हा फायदा मोठाच म्हणावा लागेल. महागड्या किंवा त्रासदायक औषधाबाबत तसे म्हणता येणार नाही.

यानंतर गट कसे पाडले ते पाहावे. निवड परिचारिकेवर सोडली, तर ती अशक्त दिसणाऱ्या स्त्रीलाच औषध देईल आणि तुलना बिघडेल. म्हणून संख्याशास्त्रज्ञ वाटप यदृच्छेने (चिठ्ठ्या टाकल्यासारखे), कोणालाही आधी कळणार नाही असे ठरवतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या चाचणीत याचसाठी बंद पाकिटे वापरली होती.

मोजमापही तपासावे. नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज बहुधा कमीच धरला जातो, म्हणून बेळगावच्या चाचणीत बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून रक्त मोजले गेले, आणि ५०० मिलिलिटरपासून पुढे अतिरक्तस्राव धरला गेला.

चाचणी अलीकडची व भारतातली असेल, तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या नोंदवहीत ती शोधावी. औषध-चाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. तिथे मुख्य निष्पत्ती (चाचणीत प्रामुख्याने जे मोजायचे ठरले ते) एक आणि मथळ्यात भलतीच दिसली, तर ते औषध मागण्याची घाई करू नये.