पायाला मुंग्या आल्या, हे इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

मांडी घालून बराच वेळ बसलं की उठताना पावलात मुंग्या येतात. त्यासाठी इंग्रजीत नेमकं क्रियापद आहे: टिंगल. आपल्या 'टिंगल'शी त्याचं साम्य फक्त उच्चारापुरतं. उच्चारात 'ग' स्पष्ट हवा, 'टिंजल' नको.

सगळ्यात जास्त चूक होते ती वाक्याच्या घडणीत. मराठीत मुंग्या 'येतात', म्हणून आपण 'टिंगल इज कमिंग इन माय लेग' असं जुळवतो. मुंग्यांचं थेट 'अँट्स' केलेलंही मी वहीत पाहिलंय. इंग्रजीत येणारं-जाणारं काही नसतं, तो अवयवच ती क्रिया करतो: 'माय फूट इज टिंगलिंग'. या अर्थी त्याला कर्म लागत नाही. म्हणून 'द कोल्ड टिंगल्ड मी' नको, 'माय चीक्स टिंगल्ड फ्रॉम द कोल्ड' म्हणा. अवघडून बसल्याने येणाऱ्या मुंग्यांना रोजच्या बोलण्यात 'पिन्स अँड नीडल्स' म्हणतात. आनंदाने अंग मोहरलं तरी टिंगलच: 'शी वॉज टिंगलिंग विथ एक्साइटमेंट'.

आता जपायची गोष्ट. मुंग्या म्हणजे 'नम' नव्हे. नम म्हणजे बधिर, स्पर्शच न कळणं. बोटांत झिणझिण्या असताना मी एकदा डॉक्टरांना 'नम' म्हणून बसले, आणि त्यांनी लगेच कापूस फिरवून कळतंय का ते तपासायला घेतलं. मला तर सगळं कळत होतं! दोन्ही तक्रारी एकाच वेळी असू शकतात, पण प्रत्येक वेगळी सांगा.

गुदगुल्यांचं 'टिकल' आणि किणकिणण्याचं 'टिंकल' यांची गल्लतही टाळा.

चुरचुरण्याला मात्र टिंगल चालत नाही, तिथे 'स्टिंग' हवं. डोळ्यात साबण गेला तर 'माय आइज आर स्टिंगिंग'. याला कर्म चालतं: 'द सोप स्टंग माय आइज'. भूतकाळ 'स्टंग', 'स्टिंग्ड' नाही. आपल्याकडे मधमाशीही चावते आणि डासही चावतो, त्यामुळे 'अ बी बिट मी' सहज तोंडून जातं. मधमाशी नांगी मारते, म्हणून 'अ बी स्टंग मी'. डासाला 'बाइट' बरोबर.

आणि 'स्मार्ट'. 'द कट स्मार्ट्स' वाचून जखम हुशार कशी, असा प्रश्न पडतो. खरं तर जुन्या इंग्रजीत हा शब्द वेदनेचाच होता, हुशारीचा अर्थ त्याला पुढे चिकटला. औषध लावल्यावर जखम झोंबते, ते स्मार्ट. मनाला झोंबलेल्यालाही तोच शब्द: 'ही इज स्टिल स्मार्टिंग फ्रॉम द इन्सल्ट', म्हणजे तो अपमान त्याला अजून सलतोय.