फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून रोड बाइक चालवायचीय? रूट असा आखा

आपल्या जळगाव-भुसावळ-धुळ्याकडं आता बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करणारी बरीच मंडळी झालीत. २०० किमीची झाली की ३०० ची आणि मग कुणीतरी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं नाव काढतंच. ही फ्रान्समधली लांब पल्ल्याची सायकल राइड दर चार वर्षांनी असते, मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. पण १२०० किमी ९० तासांत प्रत्येकालाच करायची नसते, कित्येकांना नुसतं आठ-दहा दिवस फ्रान्सच्या गावागावांतून निवांत फिरायचं असतं. मी आणि भुसावळचा माझा एक मित्र, आम्ही दोघं सप्टेंबरात बर्गंडी भागात तसंच फिरून आलो, तेव्हापासून रोज एखादा भाऊ नाहीतर ताई फोन करून विचारते की रूट कसा काढला, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा, तिथं किलोमीटर नाही, चढ मोजायचा. आपला चोपडा-यावल-रावेर पट्टा सपाट, केळीच्या बागांच्या मधून सरळ रस्ता, तिथं १०० किमी आरामात मारणारा गडी बर्गंडीत ७० ला गळून जातो. कन्नड घाटासारखा एकच मोठा चढ चढलो आणि सुटलो असं तिकडं नसतं. टेकडी चढायची, उतरलं की खाली ओढा, पूल, पाच-पन्नास घरं, एक चर्च आणि पुलावरून सायकल बाहेर पडते न पडते तोच पुढची टेकडी. एकेक चढ ५०-६० मीटरचाच असतो हो, पण असे दिवसभरात पंधरा-वीस. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या वाटेत पण मोठा डोंगर एकही नाही, तरी पूर्ण रूटला साधारण १२,००० मीटर चढ जमा होतो, म्हणजे दर १०० किमीला हजार मीटर. हाच हिशोब धरा, कुठल्याही रूट अॅपवर रूट टाकला की चढ दिसतोच, आणि पहिले दोन दिवस दिवसाला ६० किमी आणि ६०० मीटरच्या वर जाऊ नका.

सरावाचं पण तसंच. तोरणमाळ एकदा चढून आलो म्हणजे तयारी झाली असं समजू नका, तो एका लयीत चढायचा लांब घाट आहे. मला खरा उपयोग झाला तो पद्मालयच्या रस्त्याचा, एरंडोलहून जायचं आणि शेवटचा चढ पाच-सहा वेळा वरखाली करायचा, बस. त्यात एक सवय लागते, चढ पायाला लागायच्या आधी, उतारावरच गिअर हलका करून ठेवायचा. चढाच्या मधे जोर लावून गिअर टाकला की चेन कुरकुरते, लय तुटते आणि वीस चढांत वीस वेळा तुटलेली लय संध्याकाळी मांड्यांत कळते. पुढं ३४ दात्यांची छोटी चेनरिंग आणि मागं ३२ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकाच्या गिअरचक्रांचा संच) असली तर निम्मं काम झालं. टायर २८ मिमी रुंदीचे घ्या.

आता भाग कुठला निवडायचा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तरी डोळे झाकून दक्षिण बर्गंडी सांगीन, मुक्काम क्लुनी नावाच्या छोट्या गावात. इथं ९१० साली स्थापन झालेला मोठा जुना मठ आहे, पण आपल्या कामाची गोष्ट म्हणजे गावातून व्होआ व्हेर्त जाते. म्हणजे जुनी रेल्वेलाइन उखडून तिथं डांबरी सायकलवाट केलीय, गाड्यांना बंदी. उत्तरेला जिव्रीपर्यंत ४४ किमी, आणि रेल्वेची वाट असल्यानं चढ अगदी नावाला. पहिल्या दिवशी हीच वाट घ्या, प्रवासाचा शीण जातो आणि उजव्या बाजूनं चालायची सवय पण होते. दक्षिणेला माकोंकडं जाताना जवळपास १.६ किमीचा बोगदा लागतो, आत गारठा असतो, जर्किन जवळ ठेवा, आणि हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद करतात.

दुसऱ्या दिवशी खरी मजा. क्लुनीहून सायकलवाटेनं कोर्मातें, तिथून डी १४ नावाचा रस्ता पकडायचा, शापेझला अकराव्या शतकातलं दगडी चर्च आहे तिथं पाच मिनिटं टेकायचं आणि पुढं ब्रांसिओंच्या खिंडीकडं चढायला लागायचं. जाऊन येऊन पन्नासेक किमी होतात. दोन्ही बाजूला कुरणं, त्यात शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाई, आपल्या खिल्लारसारख्या रंगाच्या पण अंगानं कितीतरी भरलेल्या. आम्ही चढत होतो तर कुंपणाच्या पलीकडून एक गाय शंभरेक पावलं आमच्याबरोबर चालत आली, तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता इतका शांत रस्ता. वरती टेकडीच्या टोकावर किल्ला आणि मूठभर घरांचं गाव आहे. ताकद उरली असेल तर डी १४ नंच पुढं तुर्नूपर्यंत उतरा, तिथं रेल्वे स्टेशन आहे.

रस्ते निवडायची खूण सांगतो. ए म्हणजे एक्सप्रेसवे, सायकलला बंदी. एन म्हणजे नॅशनल, टाळायचा. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, तो आपला. पण सगळे डी सारखे नसतात, ९०० च्या पुढचे नंबर बऱ्याचदा जुने नॅशनल हायवे असतात, तुर्नूहून माकोंकडं जाणारा डी ९०६ म्हणजे आधीचा एन ६, ट्रक जोरात असतात, तिथं शिरूच नका. मिशलॅंचा कागदी नकाशा जरूर घ्या, मोबाइल असला तरी. त्यात पिवळे आणि पांढरे रस्ते सायकलचे, कडेला हिरवी रेघ असली तर तो रस्ता देखणा, आणि रस्त्यावर बाणाची टोकं काढलेली असतात, एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याच्याही वर. बाणाचं तोंड चढाकडं.

ट्रॅफिकचं नीट वाचा, इथंच आपला माणूस फसतो. चालायचं उजवीकडून, हे चालताना लक्षात राहतं पण चहापाण्याला थांबून परत निघताना हात आपोआप डावीकडं वळतो, आमच्याकडून दोनदा झालं, नशीब समोर कोणी नव्हतं. आरसा डाव्या हँडलला लावा. राउंडअबाउटमध्ये आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. आणि एक विचित्र वाटेल असा नियम, गावात बोर्ड नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही बारक्या बोळातून येवो. रस्त्याच्या कडेला पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला तर हक्क तुमचा, त्याच्यावर काळी तिरपी रेघ आली की संपला. गावाबाहेर अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं आहे, घंटी आणि दोन्ही लाइट पण. गाड्यांना मात्र गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर लांबून ओव्हरटेक करायचा नियम आहे, आणि आमच्या अनुभवात बहुतेक लोक तो पाळत होते, मागं थांबून राहायचे, हॉर्न नाही की काही नाही.

उन्हाळ्यात ग्राव्हियों असा बोर्ड दिसला तर तिथंच स्पीड कमी करा. डांबर ओतून वर बारीक खडी पसरलेली असते आणि उतारावरच्या वळणावर ती चाकाखालून सटकते.

खाण्याचं नियोजन रूटइतकंच महत्त्वाचं. आपल्याकडं हायवेला कधीही थांबा, चहा आणि शेवभाजी मिळते. तिकडं खेड्यात दुपारी १२ ला चर्चची घंटा वाजते आणि दुकानाचं शटर खाली येतं ते दोनपर्यंत. रविवारी दुपारनंतर काही नाही, सोमवारी कित्येक बेकऱ्या बंद. आम्ही सोमवारी तीन गावं उपाशी फिरलो. म्हणून सकाळी बेकरी उघडी दिसली की आधी बोंज्यूर म्हणायचं, ते न म्हणता मागितलं तर तिकडं उद्धटपणा समजतात, आणि दुपारचं पण तेव्हाच घेऊन ठेवायचं. माळकरी किंवा शाकाहारी असाल तर किश लॉरेन (बेकरीत मिळणारा खारा पाय) घेऊ नका, त्यात डुकराचं मांस असतं, चीज किंवा भाजीची मागा. घरून शेंगदाण्याची चटणी, गुळाची चिक्की चालते, पेढे-बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे. केळी सगळीकडं मिळतात, आम्ही घेतली ती मार्टिनिक या फ्रान्सच्या कॅरिबियन बेटावरची होती, गोडीला आपल्या रावेरच्या केळीची सर नाही पण चढाच्या आधी कामाला येतात.

पाणी संपलं तर गावची दफनभूमी शोधा. फुलांना पाणी घालायला तिथं बहुधा नळ असतो, शेजारी हूकला हिरव्या झाऱ्या टांगलेल्या. नळावरची पाटी बघा, ओ पोताब्ल म्हणजे प्यायचं पाणी, मधे नों आला तर भरू नका. पाणी भरताना आवाज करू नका, कुणीतरी आपल्या माणसाला भेटायला आलेलं असतं.

मे-जून नाहीतर सप्टेंबर धरा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सप्टेंबरातली सकाळ मात्र ४५ डिग्रीत वाढलेल्या आपल्या अंगाला झोंबते, आर्म वॉर्मर आणि पातळ जर्किन हवंच. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशीर करू नका, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो.

सायकल न्यायची तर पॅकिंग स्वतः करा. विमानातून आली तेव्हा माझ्या बॉक्सला एक कोपरा दबलेला होता आणि डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकला होता. सुदैवानं स्पेअर हँगर बॅगेत होता, नाहीतर आपल्याच मॉडेलचा हँगर तिकडच्या खेड्यात मिळणं अवघड. डिरेलर खोलून बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा, मागच्या दोन दांड्यांच्या मधे लाकडी ठोकळा बसवा. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेनं जाताना सायकल खोलून १३० बाय ९० सेंमीच्या बॅगेत असेल तर सामान म्हणून चालते. लोकल टीईआर गाडीत बहुतेक ठिकाणी तशीच उभी चढवता येते, दिजों-तुर्नू-माकों लाइनवर आम्ही तसंच केलं. परतीचा बॉक्स आधीपासून वागवायची गरज नाही, शेवटच्या मोठ्या गावातल्या सायकलच्या दुकानात दोन दिवस आधी सांगून ठेवा, नव्या सायकलींचे रिकामे खोके त्यांच्याकडं पडलेले असतात, आम्हाला दोन्ही फुकट मिळाले.