एआयकडून धंद्याचा मजकूर लिहून घेताय? या चुका टाळा

छोट्या धंद्यात लिहिण्याचं काम शेवटी मालकाच्याच गळ्यात पडतं. दिवसभराची धावपळ संपल्यावर वेबसाइटचा मजकूर, कोटेशनसोबतचं पत्र, कुणाच्या तक्रारीला उत्तर. त्यामुळे एआय वापरावं का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ 'हो' आहे. फक्त पुढल्या खड्ड्यांत पाय घालू नका.

'माझ्या व्यवसायाबद्दल छान लिहून दे'

एवढंच सांगितलं की 'ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय' छापाचं काहीतरी हाती येतं. ते प्लंबरलाही चालतं आणि दातांच्या डॉक्टरलाही. एआयला तुमचा धंदा ठाऊक नसतो. अफाट मजकूर वाचून, कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द शोभेल याचा अंदाज बांधायला तो शिकलेला असतो. तुम्ही काही दिलं नाहीत, तर जे सगळेच लिहितात तेच तो लिहिणार.

म्हणून आधी बोला. फोनवर दहा मिनिटं रेकॉर्ड करा: गिऱ्हाईक पहिल्यांदा काय विचारतं, कुठलं काम तुम्ही घेत नाही, जुनी माणसं परत का येतात. ते उतरवून एआयला द्या आणि बजावा, 'यात नसलेलं काही घालू नकोस, कमी पडलं तर मला विचार.' 'हे काम आम्ही करत नाही' असं एक तरी वाक्य मजकुरात ठेवाच. एआय ते आपणहून सहसा लिहीत नाही, आणि वाचणाऱ्याचा विश्वास नेमका तिथेच बसतो.

न दिलेली हमी

रिकामी जागा दिसली की एआय ती भरतो. तुम्ही वर्षं सांगितली नाहीत, तर 'अनेक वर्षांचा अनुभव' येतो. परतीचा नियम सांगितला नाहीत, तर तोही येऊ शकतो. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने, म्हणजे वेबसाइटवर आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमने, एका प्रवाशाला नातेवाइकाच्या निधनावेळी मिळणाऱ्या तिकीट-सवलतीची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा युक्तिवादही कंपनीने करून पाहिला. फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्या पानावरच्या शब्दाला तुम्हीच बांधील.

मजकूर टाकण्यापूर्वी त्यातला प्रत्येक आकडा, तारीख, मुदत आणि 'सर्वोत्तम' यांखाली रेघ मारा. ज्याला कागदाचा आधार नाही, ते काढा. 'हे बरोबर आहे ना?' असं एआयलाच विचारून समाधान मानू नका. त्याचा होकारही तसाच अंदाजाने आलेला असतो.

मराठी आहे, पण आपली नाही

'आमच्यासोबत तुमचा प्रवास सुरू करा.' 'तुमच्या गरजांसाठी अनुरूप समाधाने.' असं कोण बोलतं? त्यात पहिल्या परिच्छेदात 'तुम्ही', तिसऱ्यात 'आपण' आणि शेवटच्या बटणावर 'संपर्क कर'. इंग्रजीत लिहून घेऊन मग 'मराठी कर' म्हणणं हा तर सगळ्यात वाईट रस्ता. वाक्याचा सांगाडा इंग्रजीच राहतो.

तुम्ही ग्राहकांना खरोखर पाठवलेले तीन-चार मेसेज नावं काढून नमुना म्हणून द्या. संबोधन कोणतं, ते आधीच ठरवून सांगा. मग मोठ्याने वाचा, आणि जे वाक्य फोनवर बोलताना तुमच्या तोंडी आलं नसतं, त्यावर काट मारा. निम्मा मजकूर उडाला तरी बेहत्तर.

चिडलेल्या ग्राहकाला तयार माफी

'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाचून माणूस आणखी भडकतो. काय चुकलं आणि कधीपर्यंत दुरुस्त होईल, हे तुम्हीच लिहा. एआयचा उपयोग इथे उलटा करावा: मी रागाच्या भरात लिहिलेला मसुदा त्याला देते आणि 'यातले टोमणे काढ' म्हणते. ते काम तो फार छान करतो.

बाकीचं थोडक्यात

ग्राहकाचं नाव, नंबर, करारनामा चॅटमध्ये चिकटवू नका. 2023 मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ, गोपनीय मजकूर) चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी आणावी लागली. खोटे अभिप्राय लिहून घेण्याच्या वाटेला तर जाऊच नका. अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून त्यावर दंडाची तरतूद असलेला नियमच लागू आहे. आणि एआयने लिहिलं एवढ्याच कारणावरून गूगल तुम्हाला खाली ढकलत नाही. शोधात वर यायला घाऊक भावात पानं पाडणं मात्र मार्च 2024 पासून त्यांच्या धोरणात स्पॅम आहे, मग ती माणसाने पाडलेली का असेनात.

एआयचा न तपासलेला मजकूर आधीच टाकून बसला असाल, तर सगळं एकदम काढून टाकू नका. दर, अटी आणि हमी असलेलं पान आजच उघडून तपासा. 'आमच्याविषयी' आठवडाभर थांबलं तरी चालेल.