लष्करी नोकरीत थाळीफेकीचा सराव

सैनिकाचं शरीर लांब पळायला आणि ओझं वाहायला घडवलेलं असतं. थाळीफेकीत मात्र सगळी ताकद क्षणभरात ओतावी लागते. म्हणून पाठीवर ओझं घेऊन मार्च झाला की दुसऱ्या दिवशी फेकीचा सराव ठेवू नका. थकलेल्या पायांवर चुकीची सवय पक्की होते, आणि ती मोडणं शिकण्याहून अवघड.

पुरुषांची थाळी 2 किलोची, महिलांची 1 किलोची. ज्या वर्तुळात गिरकी घेऊन थाळी फेकायची, त्याचा व्यास 2.50 मीटर. परेडचे बूट घालून गिरकी घेऊ नका. खाचांचा तळ काँक्रीटला अडकतो आणि गुडघा पिळवटतो. गुळगुळीत तळाचेच बूट हवेत.

खरी गोम पकडीत आहे. बोटांची फक्त शेवटची पेरं कडेवर, अंगठा थाळीवर सपाट. रायफल घट्ट धरणारा हात थाळीही आवळतो, मग ती वेडीवाकडी सुटून हवेत डगमगते. उजव्या हाताची थाळी तर्जनीवरून सुटावी आणि वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरावी. हे जमेपर्यंत ती जमिनीवर चाकासारखी घरंगळवा, रोज वीसेक वेळा. सरळ जाऊ लागली की जागेवरून 15 फेकी, गिरकी त्यानंतरच.

बराकीत जागा नसेल तर टॉवेलच्या टोकाला गाठ मारून तोच फिरवा. हात पायांच्या आधी धावला की टॉवेल लगेच ढिला पडतो.

स्पर्धेत थाळी जमिनीवर टेकेपर्यंत वर्तुळ सोडू नका, आणि बाहेर मागच्या अर्ध्या भागातूनच पडा.